विज्ञानाच्या बाईंना समुपदेशक व्हायचंय : एक प्रकरण

प्रकरणातल्या बाई परळमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवतात. नववी-दहावीला विज्ञान, शिवाय सातवी-आठवीचं गणित. रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग बी.एड. नोकरीला पंधरा वर्षं होऊन गेलेली, बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी मिळालेली. राहायला डोंबिवलीला. घरात नवरा, अकरावीतली मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

प्रश्न एवढाच होता : शैक्षणिक समुपदेशनात मास्टर्स करायचंय, कुठून करू?

मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते आणि या कामात नव्याने येणाऱ्यांच्या कामावर देखरेख ठेवते. हा प्रश्न मला बऱ्याच शिक्षिका विचारतात. बहुतेकींना कॉलेजचं नाव, फी आणि ‘रविवारी लेक्चर असतात का’ एवढंच हवं असतं, आणि त्यात गैरही काही नाही. या बाईंचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यांनी विचारलं तेव्हा एकामागून एक तीन कागद येऊन पडले होते आणि त्या तिन्ही कागदांत त्या सापडल्या होत्या.

सहा आठवड्यांत तीन कागद

पहिला कागद २५ जुलै २०२५ चा. सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एक अशी की, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत बाल-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. बातमी मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, “आपल्याकडे तुम्हीच आहात की. मुलं तुमच्याशी बोलतात. एखादा कोर्स करून घ्या, म्हणजे कागदावर नाव टाकता येईल.”

मोठ्या बाईंना मी फार दोष देणार नाही. अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या हिशेबात, मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई यांची गणती होते, समुपदेशकाची होत नाही. पद नाही म्हणून पगार नाही, आणि पालकांकडून फी घेऊन माणूस नेमायची ऐपत गिरणगावातल्या मराठी शाळेत उरलेली नाही. पण त्या जे देऊ करत होत्या ते पदही नव्हतं. तासिका तेवढ्याच ठेवून डोक्यावर चढवलेलं आणखी एक काम होतं. निवडणुकीची ड्युटी जशी येते, तसं.

दुसरा कागद ऑगस्टमधला, विद्यापीठ अनुदान आयोगाचा. बाईंनी ठरवून ठेवलं होतं की दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करायचं. इग्नूच्या या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालत असे. नोकरी सांभाळून, लोकलमध्ये वाचून पदवी घेतलेल्या कितीतरी शिक्षिका त्या वाटेने गेल्या आहेत. आयोगाने सांगितलं की संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे विषय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाहीत. त्यात मानसशास्त्र आलं. बाईंनी प्रवेशाची कागदपत्रं साक्षांकित करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

तिसरा कागद १ सप्टेंबरचा. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सातवी-आठवीच्या गणितामुळे बाई त्यातही सापडल्या. म्हणजे समुपदेशनाचं वाचायला संध्याकाळचा जो तास-दीड तास मिळायचा, त्यावर आता टीईटीच्या बालविकास व अध्यापनशास्त्राच्या गाइडने हक्क सांगितला. तोही विषय मानसशास्त्राचाच, हा विनोद बाईंनीच केला.

दहावीतला मुलगा

मास्टर्स कशासाठी हवंय, असं मी विचारलं तेव्हा बाईंनी आधी ‘आवड’ म्हटलं, मग ‘शाळेची गरज’ म्हटलं. त्या मुलांना ठाण्याच्या ‘वेध’ व्यवसाय परिषदेला घेऊन जात, दहावीची सरकारी कल चाचणी होत असे तेव्हा तिचे अहवाल पालकांना समजावून सांगत. शाळेत त्यांचं नाव होतं. मुलाचं प्रकरण त्यांनी तिसऱ्या भेटीत काढलं, तेही चहाचे पैसे देऊन निघताना.

मुलगा मे २०२५ मध्ये दहावी झाला. गुण चांगले, हात त्याहून चांगला. शाळेच्या प्रदर्शनात भंगारातल्या मोटरवर लिफ्टचं चालतं मॉडेल करणारा. त्याला आयटीआयला जायचं होतं. वडिलांना अकरावी सायन्स हवं होतं. बाईंनी मध्यस्थी केली, वडिलांना शाळेत बोलावलं, पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाचा मधला मार्ग सुचवला, फी सवलतीची माहिती काढून दिली. वडील राजी झाले. सगळ्यांना वाटलं, छान झालं. ऑगस्टमध्ये कळलं की मुलगा कॉलेजला जातच नाही, एका कुरियरवाल्याकडे पाकिटं वाटतो. वडिलांची कंपनी एप्रिलमध्येच बंद पडली होती. आयटीआय त्याला हवं होतं, कारण त्यातून कमाई लवकर सुरू होईल असा त्याचा हिशेब होता. वडील घरची गोष्ट शाळेत सांगणार नव्हते आणि मुलगा वडिलांसमोर ती काढणार नव्हता.

बाई त्याला भेटल्या. आधी का नाही सांगितलंस, या प्रश्नावर तो म्हणाला, “बाई, तुम्ही आणि पप्पाच बोलत होतात.”

मी बाईंना ती जूनमधली बैठक आठवेल तशी, संवादाच्या रूपात लिहून आणायला सांगितली. समाजकार्याच्या शिक्षणात ही जुनी रीत आहे. कोण काय बोललं ते एका बाजूला, आपल्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते दुसऱ्या बाजूला. चार पानं भरली. त्यात मुलाची वाक्यं म्हणजे ‘हो बाई’, ‘चालेल’ आणि ‘बघतो’. उरलेलं सगळं बाईंचं आणि वडिलांचं. बाईंची माहिती अचूक होती. कट-ऑफ, शिष्यवृत्ती, कुठल्या ट्रेडला किती जागा, सगळं. कलही त्यांनी बरोबर ओळखला होता. चुकलं ते एवढंच की मुलाला एकट्याला कुणी भेटलंच नाही.

माझ्या मते हे प्रकरण इथून पुढे पदवीच्या नावाचं राहत नाही. बाईंना कमी होती ती समोरच्याचं ऐकण्याच्या सरावाची. पुस्तकं त्यांच्याकडे होती. आणि तो सराव एकट्याने होत नाही. आपण कुठे बोललो, कुठे गप्प बसायला हवं होतं, हे दाखवणारा दुसरा माणूस लागतो. कुठल्याही अभ्यासक्रमाला लावायची कसोटी म्हणून मी हीच धरली : इथे विद्यार्थी खऱ्या मुलांसोबत किती बसतो आणि त्याचं काम बघतं कोण?

पर्याय

आधी नावाचा गोंधळ. ‘एज्युकेशनल काउन्सेलिंग’ असं थेट लिहिलेली पदवी बाई शोधत होत्या. मुंबईत हे शिक्षण बहुधा मानसशास्त्राच्या एम.ए.मध्ये समुपदेशनाची शाखा घेऊन होतं, किंवा एम.एड.मध्ये मार्गदर्शन-समुपदेशन या एका विषयापुरतं.

मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याला आहे, एसएनडीटीचा मानसशास्त्र विभाग चर्चगेटला, आणि टीसमध्ये, म्हणजे देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, उपयोजित मानसशास्त्राच्या एम.ए.ला समुपदेशनाचा पर्याय आहे. माझ्या कसोटीवर हा पूर्णवेळ मार्ग सगळ्यात वर येतो. दोन वर्षं, क्षेत्रकार्य, प्रत्यक्ष केसेस, शोधनिबंध, आणि बरोबरीच्यांसमोर आपलं काम मांडायची सवय. पण बाईंपुढे दोन भिंती होत्या. एक पात्रतेची. पदवीला मानसशास्त्र नसलेल्या माणसाला आता प्रवेशपरीक्षेच्या जोरावर दुसऱ्या विषयात जाण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या नियमांनी दिली आहे, तरी प्रत्येक विभाग आपल्या अटी ठेवतो आणि त्या दरवर्षी तपासाव्या लागतात. दुसरी भिंत पैशांची. बी.एड. शिक्षकाची वेतनश्रेणी ३८,६०० पासून सुरू होते. त्या पहिल्या पायरीचं नुसतं मूळ वेतन धरलं तरी दोन वर्षांच्या बिनपगारी रजेत ९ लाख २६ हजार रुपये जातात. बाई त्या पायरीच्या बऱ्याच वर आहेत, महागाई भत्ता वेगळा, आणि मुलगी नेमकी बारावीकडे निघालेली. शिवाय पदवी घेऊन परत आल्यावर शाळेत पद नाही ते नाहीच. खासगी शाळांत समुपदेशकाच्या जागा निघतात, सीबीएसईच्या संलग्नता नियमांमुळे त्या बोर्डाच्या शाळांत तर काढाव्याच लागतात, पण अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षिकेचा पगार तिथे सहसा मिळत नाही.

एम.एड.चा आग्रह स्टाफरूमने धरला. सीईटी द्यायची, दोन वर्षं काढायची, आणि पुढे निवडश्रेणीला, म्हणजे वरिष्ठ श्रेणीनंतरच्या पायरीला, पदव्युत्तर शिक्षण लागतं तेव्हा ते कामी येतं. हिशेब चोख आहे. नोकरीतल्या पुढच्या पायरीसाठी कुणी एम.एड. करत असेल तर जरूर करावं. समुपदेशक होण्यासाठी करू नये, हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं. एम.एड. शिक्षकांचे शिक्षक घडवतं. मार्गदर्शनाचा पेपर असतो, चाचण्यांची ओळख होते, एखादा वृत्तांत लिहून होतो. पण रडणाऱ्या मुलीसमोर पाऊण तास बसून मग त्या पाऊण तासाचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही. नवऱ्याला हाच पर्याय आवडला होता. त्याची गणितं वेगळी होती आणि चुकीची नव्हती.

आठवड्याअखेरीच्या झूमवर ‘सर्टिफाइड स्कूल काउन्सेलर’ करून देणारे कोर्स मी दोन वाक्यांत बाजूला ठेवले. आरोग्यसेवा व्यवसायांच्या त्याच २०२१ च्या कायद्याच्या यादीत समुपदेशकांचे प्रकार आलेले आहेत. नोंदणीची पद्धत पुरती बसेल तेव्हा अशा प्रमाणपत्राची किंमत काय राहील, याचा भरवसा मी तरी देणार नाही.

उरला एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम. तो मास्टर्स नाही, ही त्याची उणीव. पण तो मुळातच सेवेतल्या शिक्षकांसाठी आखलेला आहे : सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. महाराष्ट्रासाठी केंद्र म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. वर्षभरातले तीन-अधिक-तीन महिने प्रत्यक्ष कामाचे, आणि गमवायचा तो जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार.

वीस गुण

एक अडचण मात्र कुठल्याही पदवीने सुटत नाही, आणि मोठ्या बाईंना ती पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

दहावीला विज्ञानाचे २० गुण शाळेच्या हातात असतात. प्रात्यक्षिकं, वही, तोंडी. ज्या बाईंच्या हातात हे वीस गुण आहेत, त्यांना नववीतली मुलगी सांगेल का, की ती तासाला बसून मोबाइलवर कुणाशी बोलते? आणि सांगितलंच, तर पुढच्या तासाला वर्गात ‘लक्ष कुठे आहे तुझं’ म्हणताना बाईंच्या डोळ्यांत तिला काय दिसेल? शिक्षिका म्हणून कानावर आलेली गोष्ट स्टाफरूममध्ये बोलली जाते, बोलावीही लागते. समुपदेशक म्हणून ऐकलेली तिथे नेता येत नाही. दोन्ही भूमिका एकाच माणसाने एकाच मुलापुरत्या निभावू नयेत, हा या व्यवसायाच्या नीतिनियमांचा पहिल्या पानावरचा भाग आहे. ‘मुलं तुमच्याशी बोलतात’ हे मोठ्या बाईंचं निरीक्षण खरं होतं, पण मुलं कुठल्या गोष्टी बोलतात हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

तोड बाईंनीच काढली. त्याच संस्थेची, त्याच इमारतीत संध्याकाळी रात्रशाळा भरते. तिथल्या एकाही विद्यार्थ्याला त्या शिकवत नाहीत. दुकानात, मेडिकल स्टोअरमध्ये, केटरिंगला काम करणारी मुलंमुली, काही तर लग्न झालेल्या. बाकीचे १७ नंबरच्या, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याच्या, फॉर्मची चौकशी करायला येतात. आठवड्यातली एक संध्याकाळ बाईंनी तिथे बसायचं आणि दर पंधरवड्याला माझ्यासमोर लेखी नोंदी मांडायच्या, असं ठरलं. पदवी नाही, पदविका नाही, फक्त देखरेखीखालचं बसणं. पुढे कुठल्याही अभ्यासक्रमाला गेल्या तरी हे वाया जाणार नव्हतं. आणि हे काम त्यांना खरंच करायचंय का, हे फीचे पैसे भरण्याआधी कळणार होतं. डोंबिवलीला पोहोचायला त्या दिवशी रात्रीचे दहा वाजतात. नवऱ्याने त्या दिवसाची खिचडी आपल्याकडे घेतली.

पहिल्या नोंदी वाचवत नव्हत्या. प्रत्येक पानावर सल्ला. पहिल्याच मुलाला, लालबागच्या मेडिकलमध्ये काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला, त्यांनी दहावीनंतरच्या वाटांचा तक्ता करून दाखवला होता. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा मी सांगितल्याप्रमाणे बाईंनी तक्ता पिशवीतच ठेवला. अर्धा तास तो एकाच गोष्टीवर बोलला : आपण शाळेत जातो हे मालकाला सांगावं की नाही. सांगितलं तर परीक्षेला सुट्टी मिळेल, पण दहावी नापास असल्याचं दुकानात कळेल. त्याचा शैक्षणिक प्रश्न हा होता. फार्मसीची पदविका वगैरे नंतरच्या गोष्टी.

प्रश्न विचारण्याची पद्धत बदलायला वेळ लागला. पुस्तकं इंग्रजी, त्यातली वाक्यं जशीच्या तशी मराठीत आणली की बिघडतं. ‘तुला त्याबद्दल काय वाटतं?’ असं या मुलांना विचारलं तर ती ‘काही नाही, बरं वाटतं’ म्हणून मोकळी होतात. ‘मग तू काय केलंस? घरी कोण होतं तेव्हा?’ असं विचारलं की बोलतात. मास्टर्स निवडताना हाही मुद्दा मी धरायला सांगते. मराठी बोलणाऱ्या मुलांबरोबरच्या कामावर मराठीतच देखरेख करणारं कुणी त्या विभागात आहे का? चाचण्यांचंही तेच. ज्या मुलांवर मानकं बसवलेली नाहीत त्यांना ती चाचणी देऊन काढलेला आकडा दिशाभूल करतो. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मराठी मुलांसाठी बुद्धिमापनाचं काम वर्षानुवर्षं केलं आहे, त्याची ओळख शालेय समुपदेशकाला असायलाच हवी.

गोपनीयतेचा धडा नोव्हेंबरात आला. एका मुलीने ‘कुणाला सांगणार नसाल तर सांगते’ म्हटलं आणि बाईंनी ‘नाही सांगणार’ म्हणून टाकलं. ती जे बोलली ते सुदैवाने घरातल्या भांडणापुरतं होतं. पण लैंगिक अत्याचाराचं असतं तर? बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. तेव्हापासून पहिल्या भेटीत बाई आधी हेच सांगतात : तुझी गोष्ट माझ्याकडे राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला पुढे सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन. यावर एक मुलगा उठून गेला. दोन आठवड्यांनी परत आला.

सध्याची स्थिती

मास्टर्सचा निर्णय बाईंनी मुलीची बारावी होईपर्यंत पुढे ढकलला आहे, सोडलेला नाही. तेव्हा पूर्णवेळ एम.ए.साठी रजा घ्यायची की नाही, हे त्या वेळच्या पात्रतेच्या अटी पाहून ठरेल. नवऱ्याला अजूनही एम.एड. बरं वाटतं. टीईटीचा अभ्यास लोकलमध्ये चालू आहे. पदविकेचा अर्ज भरायचं त्यांनी नक्की केलं आहे.

शाळेने समुपदेशक म्हणून बाईंचं नाव कागदावर टाकलेलं नाही, हे माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं मोठं यश. त्याऐवजी बाहेरच्या एका प्रशिक्षित समुपदेशकाशी महिन्यातून दोन दिवसांचा लेखी करार झाला, गंभीर केस आली तर जवळच असलेल्या केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवायचं ठरलं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लागला. बाईंच्या वर्गातलं मूल बाईंकडे समुपदेशनाला पाठवायचं नाही, हेही मोठ्या बाईंनी लिहून दिलं. कुरियरवाला मुलगा पुढच्या वर्षी आयटीआयचा फॉर्म भरणार आहे. या वेळी बाई त्याला दोनदा एकट्याला भेटल्या आणि वडिलांना अजून बोलावलेलं नाही, कारण त्याने थांबायला सांगितलं आहे.

भोपाळच्या तीन महिन्यांसाठी बिनपगारी रजेचा अर्ज संस्थेकडे गेला आहे. सचिवांनी त्यावर एकच शेरा मारला : रजेच्या काळात दहावीचं विज्ञान कोण घेणार? बदली शिक्षक शोधायचं काम सध्या बाईंकडेच दिलेलं आहे.